रिकाम्या खुर्चीची पंगत

१

हॅझलकोटच्या हवेलीत सकाळी अकराला जेवणाची घंटा व्हायची, आणि घंटा झाली की हम्फ्री टेडस्टोन आधी आपले हात बघायचा. नखं स्वच्छ, सुऱ्या धारदार, खांद्यावर पांढरा रुमाल. मग मोठ्या दालनात जाऊन तो एका रिकाम्या खुर्चीपुढे गुडघे टेकायचा.

यात हसण्यासारखं काही नाही. राणीच्या राज्यात बड्या घरांची रीतच तशी. धनी जेवणार आतल्या खोलीत, पण मानमरातब द्यायचा बाहेरच्या खुर्चीला. छडीदार ओरडायचा, "टोप्या उतरा!" की साठ-सत्तर डोकी एकदम उघडी पडायची. दोघे जण वाकत वाकत येऊन टेबलावर चादर अंथरायचे. मीठ यायचं, पाव यायचा, एक जण विषाची शंका नको म्हणून घास चाखायचा. मग हम्फ्री पुढे होऊन मेंढीची मांडी सांध्यात बरोबर मोडायचा आणि तुकडे ताटात मांडायचा, जणू समोर बसलेला माणूस बघतोय. हे सगळं झालं की ताटं खुर्चीमागच्या दाराने आत जायची.

दालनात कोण कुठे बसणार हे खांद्यावरच्या कापडावरून ठरायचं. चांदीच्या मोठ्या मीठदाणीच्या वरच्या बाजूला खानदानी चाकर. त्यांना पांढरा पाव आणि फ्रान्सची वाइन. खालच्या बाजूला तबेल्याचे, बागेचे, शिकारखान्याचे. त्यांना काळा पाव आणि बार्लीची बियर. भांडी घासणारे उभ्यानेच खायचे. आणि फाटकाबाहेर भिकारी, देव देईल ते.

हम्फ्री मिठाच्या जरा वर बसायचा. लडलोच्या बाजारात कापडाच्या दुकानात वाढलेल्या पोराला आणखी काय हवं? गेल्या वर्षी संत मायकेलच्या सणाला चाकरांचा बाजार भरला, तिथे कारभारी क्रेसवेल यांनी त्याला उचललं. आधीचा वाढपी ऑलिव्हर लाइट सुट्टी घेऊन गेला होता म्हणे. पगार बरा, निळा कोट मिळणार, या सणापासून पुढच्या सणापर्यंत वर्षाचा करार. हम्फ्रीने माल उलटून-पालटून न बघता सौदा केला. दुकानात वाढलेल्या माणसाने असं करू नये, पण गरज असली की डोळे आपोआप मिटतात.

२

बड्या घरात अन्न पाण्यासारखं वाहतं, वरून खाली. धन्याच्या ताटातलं उरलेलं खानदानी चाकरांना, त्यांचं उरलेलं खालच्या पंगतीला, त्यांचं भिकाऱ्यांना. हाडं शेवटी कुत्र्यांना. चांगला धनी भुकेपेक्षा चौपट वाढून घेतो तो याचसाठी.

हॅझलकोटला धन्याचं ताट कोरडं यायचं.

पहिले काही महिने हम्फ्रीने लक्ष दिलं नाही. सर अँब्रोझ लेथिक भूक असलेले गृहस्थ असतील. मग एका दिवशी त्याने आख्खा हंस कापून पाठवला. हंस म्हणजे काय, सहा माणसांचं जेवण. मान, पाठीचा सांगाडा, जांघेची हाडं, सगळं ताटात मांडून. तासाभराने ताट परत आलं. चरबीचा डागसुद्धा नव्हता. त्याने ताटावर बोट फिरवलं. कोणीतरी जिभेने पुसल्यासारखं ते किंचित ओलसर होतं, बस्स.

मुदपाकखान्यात बार्नबी पग नावाचा जाडजूड आचारी होता. हम्फ्रीने त्याला विचारलं, "बार्नबी, धन्याच्या ताटातली हाडं जातात कुठे रे?"

"पोटात."

"हंसाची मान? पाठीचा सांगाडा?"

"तुला हाडांचं दुखणं झालंय का? कुत्री असतील आत."

"भुंकताना ऐकलंस कधी?"

बार्नबी मळलेलं पीठ थापटत राहिला. मग म्हणाला, "हे बघ लेका, मी या घरात आलो तेव्हा माझा बाप रस्त्यावर मेला होता. इथे मी दोन्ही वेळा खातो. ताट रिकामं आलं तर आचाऱ्याने खूश व्हावं. भरलं आलं असतं तर मी काळजी केली असती."

"पण धन्याला तू पाहिलंयस?"

"राणीला पाहिलंय मी? तरी तिचे कायदे माझ्या पाठीवर पडतातच की. जा, सुऱ्या पाजळ जा तुझ्या."

ताटं आत कोणी न्यायचं याचीही रीत होती. दारामागे एक जाड पडदा, पडद्यामागे तिवई. वाढप्याने तिवईवर ताट ठेवायचं, वाकायचं आणि पाठ न दाखवता मागे यायचं. घेणारा हात कधी दिसायचा नाही. पडद्यापलीकडे पावलं मात्र वाजायची, जमिनीवर अंथरलेल्या वाळक्या लव्हाळ्यावर जोडे घासल्यासारखी. एका माणसाची नव्हे, बऱ्याच जणांची.

३

उन्हाळ्याच्या अखेरीस लडलोहून मालाची गाडी आली, आणि गाडीवाल्याने निरोप दिला: "तुझी अ‍ॅनिस म्हणते, आता कंबरपट्टा बसत नाही. सण झाल्याबरोबर ये, नाहीतर येऊच नकोस."

हम्फ्री तिथेच पिंपावर बसला. वसंतात मालाच्या गाडीबरोबर दोन दिवस लडलोला पाठवलं होतं, त्याचं हे फळ. लग्न तर ठरलेलंच होतं; पण ठरलेलं आणि झालेलं यांत फरक असतो, आणि तो फरक पोरीच्या पाठीवर मोजला जातो. बाप नसलेलं मूल जन्माला आलं तर अ‍ॅनिसला पांढरी चादर पांघरून, अनवाणी, भर चर्चमध्ये उभं करतील. मग बाजारात फटके. मुलाच्या नावापुढे जन्मभर तो एक शब्द. सणानंतर तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारायची, लग्न लावायचं, की सगळं निस्तरलं. फक्त हम्फ्री तिथे हवा.

आणि तिथे जायला हवा दाखला. चाकराने धन्याच्या शिक्क्याचा दाखला घेतल्याशिवाय घर सोडलं तर तो बिनधन्याचा भटक्या. पकडला की उघड्या पाठीवर रक्त येईतो चाबूक, आणि दुसऱ्यांदा सापडला तर कानाच्या पाळीला तापल्या सळईने भोक.

तो कारभाऱ्यांकडे गेला. क्रेसवेल उंच, वाळलेला, पण जिभेवर खडीसाखर ठेवून बोलणारा माणूस.

"लग्न? छान, छान! धन्यांच्या कानावर घालतो. आणि तिला इथेच आणली तर रे? धोबीखान्यात जागा आहे."

"नको जी. तिची आई म्हातारी आहे. फक्त दाखला द्या."

"दाखला मी देत नाही, हम्फ्री. शिक्क्याची अंगठी धन्यांच्या बोटात. ते सुट्टी देतात, मग आत जाऊन गुडघे टेकून त्यांचे आभार मानायचे. उपकार कोणताही असो, आभार आत जाऊन. मग माणूस मोकळा."

"ऑलिव्हर लाइटने मानले होते?"

"मानले ना."

संध्याकाळी हम्फ्री सहज म्हणून फाटकावर गेला. म्हातारा सिम तिथला पहारेकरी, दिवसभर बियर पिऊन नाक लाल.

"सिमआजोबा, ऑलिव्हर गेला तेव्हा पाऊस होता का ऊन?"

"कोण ऑलिव्हर? तो वाकड्या खांद्याचा?" सिमने बराच वेळ विचार केला. "त्याच्यासाठी फाटक उघडल्याचं काही आठवत नाही बुवा."

"दुसरं फाटक आहे का?"

"दुसरं असतं तर मला दारू प्यायला जास्त वेळ मिळाला असता."

४

हम्फ्रीचं डोकं दुकानदाराचं. भुतापेक्षा त्याला लबाडी लवकर दिसायची.

तो ज्या दुकानात वाढला ते प्रिकेटबाईंचं. बाई घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "थांबा हं, यांना विचारून येते." जिन्याने वर जायच्या, वरून पुटपुटणं ऐकू यायचं, खाली येऊन मान हलवायच्या: "नाही म्हणतात हो. भारी हट्टी आहेत." गिऱ्हाईक मुकाट्याने पुरे पैसे मोजायचं. यजमान दोन वर्षांपूर्वीच चर्चमागे गाडले गेले होते. सारं लडलो ओळखून होतं, पण वर जाऊन बघणार कोण?

तेव्हा हिशेब सरळ होता. सर अँब्रोझ मेलेले आहेत. धनी मेला की घर मोडतं, चाकर रस्त्यावर येतात, बिनधन्याचे होतात. म्हणून कारभारी आणि आतले चार जण मिळून खुर्ची चालवतायत. जेवण तेच चापतात, हाडं मागच्या खिडकीतून फेकतात. ऑलिव्हरला ते कळलं असेल, म्हणून त्याला गप्प करून रातोरात वाटेला लावला. हा विचार सुचला त्या रात्री हम्फ्रीला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. लबाडाशी सौदा करता येतो.

सणाला दोन दिवस उरले तेव्हा त्याने क्रेसवेलना बागेत एकटं गाठलं.

"कारभारीसाहेब, मला सगळं ठाऊक आहे. मी कोणाला सांगणार नाही. अंगठी काढा, दाखल्यावर दाबा, आणि मी हा चाललो."

"काय ठाऊक आहे?"

"धनी मेलेत."

त्याला वाटलं होतं कारभारी चिडेल, किंवा थैलीला हात घालेल. क्रेसवेलनी त्याची बाही घट्ट धरली. 

"तू पाहिलंस? तुला खात्री आहे?"

"मला... म्हणजे, उघडच आहे ना."

"नाही, नाही. तू पाहिलंस का ते सांग!" क्रेसवेलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते भीतीचं नव्हतं. "अरे, धनी मेले तर आपण सगळे सुटलो. सुतकाचं काळं कापड वाटलं जाईल, उरलेला पगार मिळेल, ज्याने त्याने आपल्या घरी जावं. मी इथे आलो तेव्हा माझे केस काळे होते, हम्फ्री. रोज सकाळी मी देवाकडे तेवढंच मागतो. जा, बघून ये. तुझ्या पाया पडतो, बघून ये."

कारभाऱ्याने वाढप्याच्या पाया पडायची भाषा करावी! हम्फ्रीचा हिशेब तिथेच, पेअरच्या झाडाखाली, कोसळला. तरी त्याने स्वतःला बजावलं: हेही नाटक असेल. व्यापारात रडणारा विकणारा सगळ्यात महाग विकतो.

५

दुसऱ्या दिवशी त्याने वासराची मांडी कापली, ताट उचललं, पडद्यामागे गेला. तिवईवर ठेवलं नाही. ताट हातात धरून तो पुढे चालू लागला.

बोळ आखूड होता. कोनाड्यातल्या चिरेतून उजेड येत होता, भर दुपारचा, साधा पिवळा उजेड. बोळाच्या टोकाला दालन. तिथे एक टेबल, टेबलावर पांढरी चादर, चांदीची मीठदाणी, पाव, आणि छत्राखाली एक रिकामी खुर्ची. बाहेर होतं तसंच, फक्त जरा लहान. सकाळची पहिली ताटं त्या खुर्चीपुढे मांडलेली होती, तशीच, न शिवलेली.

खुर्चीमागे अर्धवट उघडं दार होतं. आणि भिंतीला लागून निळे कोट घातलेल्या माणसांची रांग उभी होती.

बोडक्या डोक्यांनी, खांद्यावर रुमाल, तोंडं त्या दाराकडे, पाठ हम्फ्रीकडे. आधी कोटावर सोनेरी गोट असलेले, मग साधे, मग जाडं-भरडं कापड, शेवटी भिंतीच्या कोपऱ्यात एक ठेंगणा, ज्याच्या अंगावर भांडी घासणाऱ्याचा गोणपाटी एप्रन होता. प्रत्येक जण आपापल्या पायरीवर. काही कोटांची निळाई उडून राखेचा रंग झाला होता. तसल्या शिवणीचे कोट हम्फ्रीने फक्त प्रिकेटबाईंच्या माळ्यावर, त्यांच्या आजेसासऱ्याच्या पेटीत पाहिले होते.

हेच ते आतले लबाड, त्याने स्वतःला सांगितलं. चौघे समजलो होतो, जास्त निघाले.

मग त्याला तो खांदा दिसला. वर्षानुवर्षं मांस कापणाऱ्याचा एक खांदा खाली येतो.

"ऑलिव्हर?" तो हळूच म्हणाला. "ऑलिव्हर लाइट?"

कोणी वळलं नाही. पण लव्हाळ्यावर जोडे घासल्याचा आवाज झाला, रांगेच्या मधून खालपर्यंत, आणि सगळे एक एक पाऊल सरकले. ऑलिव्हरच्या शेजारी जागा झाली. एका माणसापुरती. मिठाच्या जरा वरची.

आतल्या दारामागून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. हम्फ्रीने आयुष्यभर सांधे मोडले होते. तो आवाज त्याला कळला. पण आत जे कोणी होतं ते सांध्यावर मोडत नव्हतं. मध्येच, कुठेही, घाईघाईने. मग रांग वाकली, आणि हम्फ्रीला जाणवलं की त्याचाही गुडघा कधीच टेकलाय.

दाराच्या फटीतून एक बाही आली. पांढरी, चुण्यांची, कडक खळ घातलेली. टेबलापर्यंत आली. दार टेबलापासून बरंच लांब होतं. बाही संपत नव्हती.

ताट त्याच्या हातात नव्हतं. कधी सुटलं, कोणी घेतलं, ते त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही.

६

तो पडदा बाजूला करून बाहेर आला तेव्हा दालनात पेला वाजत नव्हता. वरची पंगत, खालची पंगत, उभे असलेले मोरीवाले, सगळे त्याच्याकडे बघत होते. तेव्हा कुठे त्याला कळलं की कारभाऱ्याची प्रार्थना एकट्या कारभाऱ्याची नव्हती.

क्रेसवेल पुढे झाले. 

"जेवतायत," हम्फ्री म्हणाला.

छप्पर खचावं तसा कारभाऱ्याचा चेहरा खचला. मग त्यांनी पाठ ताठ केली, छडीदाराला खूण केली, आणि पंगत सुरू झाली. कोणीतरी विनोद केला, कोणीतरी हसलं.

तासाभराने ताटं परत आली. सगळ्यात वरच्या ताटात घडी केलेला कागद होता. हम्फ्री टेडस्टोन, वाढपी, याने इमानाने चाकरी केली, त्याला सोडण्यात येत आहे. खाली लाल लाखेचा शिक्का. लाख अजून मऊ होती.

"अरे वा! नशीब काढलंस लेका!" बार्नबी पगने मुदपाकखान्यातून येऊन त्याची पाठ थोपटली. "लग्नाचा केक माझ्याकडून. जा, आभार मानून ये."

ज्या कागदासाठी तो रात्र-रात्र तळमळला होता तो कागद हातात होता. हम्फ्रीने तो कारभाऱ्यांपुढे ठेवला.

"मला सुट्टी नको."

पंगतीत कुजबुज झाली. क्रेसवेलनी कागद शांतपणे उचलला आणि शेगडीत टाकला.

"नाकारता येते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी दर सणाला नाकारतो. पहिल्यांदाच जड जातं." मग जरा थांबून, अगदी बापाच्या मायेने: "तू एकटा राहायचा नाहीस, याची सोय मी केली आहे."

७

हम्फ्रीने त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. त्याचा नवा सौदा ठरला होता. दाखला नाही तर नाही. उद्या सण, पंगतीच्या तयारीची गडबड उडाली की सिमची नजर चुकवून फाटकाबाहेर पडायचं आणि लडलोच्या वाटेने पळायचं. पकडतील. पकडू देत. पाठ सोलून निघेल, कानाला भोक पडेल. पण सोललेल्या पाठीचा नवरासुद्धा चर्चमध्ये उभा राहू शकतो. आख्ख्या वर्षात त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढताच तो फाटकाकडे निघाला. सुऱ्या टेबलावर ठेवल्या होत्या. फाटक सताड उघडं. मालाची गाडी नुकतीच आत येऊन उभी होती, पलीकडे रस्ता, रस्त्यावर धूळ, मेंढ्या. आणि गाडीच्या चाकाला टेकून, पोटावर हात ठेवून अ‍ॅनिस.

"मेल्या, असा काय बघतोयस? भूत बघितल्यासारखा!"

"तू इथे कशी? चल. आत्ताच्या आत्ता चल."

"अरे, हाताला हिसके काय देतोस? गाडीत बसून हाडं खिळखिळी झालीत माझी."

"अ‍ॅनिस, नंतर सांगतो. आधी रस्त्यावर ये. चार पावलं."

"ऐक तर! तुमच्या कारभाऱ्यांनी गाडी पाठवली माझ्यासाठी. किती गोड माणूस रे. आईला वर्षाचं धान्य पाठवलं. म्हणाले, ज्याचा संसार त्याच्याजवळ हवा." तिचा चेहरा उजळला होता, महिनाभरात ती नीट जेवली नसावी, गाल बसले होते. "धोबीखान्यात घेतलं मला. सणापासून सणापर्यंत. हा बघ विसार."

तिने मूठ उघडली. तळहातावर एक पेनी होती.

हम्फ्रीने ती बघितली. विसार घेतला म्हणजे चाकरी लागली. आता ती या फाटकाबाहेर पडली तर तीही बिनधन्याची. गरोदर बाईला चाबूक मारायच्या आधी बाळंतपणाची वाट बघतात, तेवढी दया कायद्यात होती.

"परत दे. त्यांच्या अंगावर फेक."

"वेडा झालास? आणि लग्नाचं ऐकलंस का नाही? धन्यांनी परवानगी दिली. इथल्याच चर्चमध्ये, त्यांच्या खर्चाने. आपलं पोर या छपराखाली जन्मेल, पांढरा पाव खाईल." तिने विस्कटलेले केस टोपीखाली सारले. "बरी दिसते ना रे मी? जेवणानंतर आपल्याला आत जाऊन त्यांचे आभार मानायचेत. दोघांनी. कारभारी म्हणाले, लग्नाच्या परवानगीला नाही म्हणायची रीत नाही."

हम्फ्रीने तिचा दंड धरला आणि तिला रस्त्याकडे ओढलं. ती आधी हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. "हम्फ्री, दुखतंय," ती म्हणाली, पण पाय उचलला. एक पाऊल. दुसरं.

हवेलीतून अकराची घंटा झाली.

"बाजूला व्हा रे पोरांनो," म्हातारा सिम दोन्ही हातांनी फाटकाचं दार लोटत म्हणाला. "धनी जेवायला बसले की फाटक बंद. बड्या घरची रीत."

अडसर पडला. अ‍ॅनिस आपला दंड चोळत त्याच्याकडे बघत राहिली. मग दालनातून छडीदाराची आरोळी आली, आणि तिने, नवीन जागेच्या भीतीने, चटकन मान खाली घातली.